कुंकळ्ळीची विहीर आणि फत्तेपुरची सभा

आपल्या मठाच्या वर्धापनानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात गुरुपरंपरेवर, मठाच्या शाखांवर आणि उपासनापद्धतीवर अधिकारी पुरुषांचे लेख येणारच आहेत. माझ्या वाट्यास इतिहासाचा विषय आला. मठ-देवस्थानांचा इतिहास म्हटला की गोमंतकातील पोर्तुगीज अत्याचारांचा उल्लेख अटळ असतो, आणि तो बहुधा ठरलेल्या वाटेनेच होतो : देवळे पाडली गेली, देव नदीपार गेले, कुळे परागंदा झाली, तरीही धर्म टिकला. यातले अक्षरही खोटे नाही. तथापि एवढ्यावर थांबणारी हकीकत अपुरी राहते, आणि अपुऱ्या हकीकतीवर वाढलेली पिढी पुढे कोणाचा तरी सूड घेण्याची भाषा बोलू लागते, हे आपण आपल्याच डोळ्यांनी पाहत आहोत.

पाठशाळेत भाष्यग्रंथ लावू लागलेल्या विद्यार्थ्यास एक शिस्त लवकरच अंगवळणी पाडून घ्यावी लागते. पूर्वपक्ष इतक्या प्रामाणिकपणे मांडावयाचा की प्रतिपक्षी स्वतः समोर बसला असता तर त्याने ‘होय, माझे म्हणणे हेच’ असे म्हणून मान डोलवावी. त्यानंतरच उत्तरपक्षास हात घालावयाचा. व्याकरणात आणि वेदान्तात आपण ही शिस्त कसोशीने पाळतो. इतिहासाकडे वळलो की मात्र तिची आठवण राहत नाही. या लेखात ती पाळण्याचा यथाशक्ति प्रयत्न केला आहे. विषय मुख्यतः एकाच घटनेचा आहे : साष्टी प्रांतातील कुंकळ्ळी गावी १५८३ च्या जुलै महिन्यात घडलेला रक्तपात. पण तेथवर जाण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी पाहणे भाग आहे.

आफोंसु द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले. त्यानंतर त्या शहरात जी कत्तल झाली ती मुसलमानांची. पोर्तुगालच्या राजास पुढच्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात सुमारे सहा हजार मुसलमान स्त्रीपुरुष मारले गेल्याचे आल्बुकेर्क स्वतः कळवितो, आणि त्या लिहिण्यात खंताचा लवलेशही नाही. या स्वारीस त्याला बोलाविणारा तिमय्या हा हिंदू होता, आणि आरंभीची काही वर्षे हिंदूंच्या देवळांस फारसा धक्का लागला नाही. शेजाऱ्याच्या घरास लागलेली आग आपल्या वळचणीस येण्यास मग तीस वर्षे लागली. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटातील देवळे पाडण्यात आली व त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. १५४३ नंतर साष्टी व बारदेश हे प्रांतही विजापूरच्या आदिलशहाकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले. १५५९ मध्ये पितृहीन हिंदू मुलांना घरच्यांच्या ताब्यातून काढून ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या हवाली करण्याचा राजाचा हुकूम निघाला. माझ्या मते त्या काळातील सर्व हुकुमांत हा अत्यंत निर्दय होय. पाडलेले देऊळ पुन्हा उभे राहू शकते. आईच्या कुशीतून उचललेले लेकरू परत येत नाही. १५६७ मध्ये रायतूरच्या किल्लेदाराच्या हाताने साष्टीतील सुमारे २८० देवळे जमीनदोस्त झाली, अशी नोंद जेझुइट पंथाच्या लेखांतच आहे. कुशस्थळी-केळशीच्या परिसरातील श्रीगौडपादाचार्यांच्या परंपरेचा मठही याच दशकात उद्ध्वस्त झाला.

देव कोठे गेले हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास आला. ही सारी ठिकाणे अंत्रुज महालातील, म्हणजे आजच्या फोंडे तालुक्यातील. मडगावचा दामोदर जांबावलीस गेला. आता प्रश्न असा की त्या काळी अंत्रुजावर राज्य कोणाचे होते? विजापूरच्या आदिलशहाचे. आपल्या पूर्वजांनी रात्री-बेरात्री होडीतून देव पलीकडे नेले तेव्हा पलीकडचा काठ मुसलमान राजाचा होता, आणि त्याच्या अमलाखाली ते देव सुमारे शंभर वर्षे सुखरूप राहिले. छत्रपती शिवाजी महाराजांनी फोंडे घेतले ते १६७५ मध्ये. दिवाडी बेटावरून नार्व्यास गेलेल्या सप्तकोटेश्वराचे देवालय महाराजांनी शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, नव्याने उभारावयास लावले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. कवळ्याचे आजचे मंदिर शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांच्या प्रयत्नाने झाले, हेही सांगतो. परंतु मधल्या शंभर वर्षांचा आश्रयदाता आपल्या स्थलमाहात्म्यांत कोठे दिसत नाही. त्याने हे धर्मबुद्धीने केले की केवळ पोर्तुगीजांशी असलेल्या वैरामुळे, याचा निवाडा करणे कठीण आहे. कदाचित त्याने काहीच केले नसेल. फक्त आड आला नसेल. त्या काळात तेवढेही पुष्कळ होते.

(फोंड्याजवळील सफा मशिदीविषयी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. ती १५६० मध्ये इब्राहिम आदिलशहाने बांधली असे पाटीपासून पुस्तकापर्यंत सर्वत्र लिहिलेले आढळते. पहिला इब्राहिम १५५८ मध्ये वारला आणि दुसरा १५८० मध्ये गादीवर आला. मधल्या काळात राज्य पहिल्या अली आदिलशहाचे होते. तेव्हा सन तरी चुकले असावे किंवा नाव तरी. देवळांच्या बखरींत अशा गफलती होतात म्हणून आपणांस हसणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.)

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायसभा, स्थापन झाली. तिच्याविषयी आपल्याकडे एक समज दृढ आहे की ती हिंदूंना छळण्यासाठीच होती. तत्त्वतः तिचा अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. हिंदूवर तिचा दंड पडे तो कोणाच्या धर्मांतरास अडथळा केला किंवा ख्रिस्ती झालेल्यास जुन्या आचारांकडे ओढले, अशा आरोपाखाली. आणि तो आरोप कोणावरही ठेवता येत असे. परंतु तिच्या तुरुंगात खितपत पडलेले बहुसंख्य लोक नवख्रिस्ती होते : घरात तुळस ठेवली, लग्नात जुनी रीत पाळली, एवढ्यावरून पकडलेले आपलेच भाऊबंद, आणि गुप्तपणे आपला धर्म पाळीत असल्याचा संशय असलेले मूळचे यहुदी. वनौषधींवरील ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा यहुदी वंशाचा. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीस जिवंत जाळण्यात आले. तो स्वतः त्यापूर्वीच वारला होता. म्हणून १५८० मध्ये त्याची हाडे उकरून काढून ती जाळली. ही सभा १७७४ मध्ये बंद झाली, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि १८१२ मध्ये कायमची उठली.

आता मूळ विषयाकडे वळू.

रुदोल्फ आक्वाव्हिवा हे इटलीतील आत्री येथील ड्यूकच्या घराण्यातील. जन्म १५५० चा. ऐन तारुण्यात ते जेझुइट पंथात शिरले व १५७८ च्या सप्टेंबरात गोव्यास उतरले. पुढे चीन देशात कीर्ती मिळविलेले मात्तेओ रिच्ची याच ताफ्यातून आले होते. आक्वाव्हिवांना गोव्यास येऊन वर्ष होते न होते तोच, १५७९ मध्ये, अकबर बादशहाचा वकील गोव्यात दाखल झाला. ख्रिस्ती धर्माचे जाणते पंडित त्यांच्या ग्रंथांसह आपल्याकडे पाठवावेत, अशी बादशहाची मागणी होती. आक्वाव्हिवा, मोन्सेर्राते आणि एन्रिकेस असे तिघे निघाले व १५८० च्या आरंभी फत्तेपुर सीक्रीस पोहोचले. अनेक भाषांत छापलेल्या बायबलचे मोठमोठे खंड त्यांनी बादशहास नजर केले.

फत्तेपुरास अकबराने १५७५ मध्ये इबादतखाना बांधला होता. प्रथम तेथे फक्त मुसलमान पंथांतील विद्वानांचे वाद होत; ते आपसांतच इतके हमरीतुमरीवर येत की बादशहा कंटाळला आणि त्याने दरवाजे सर्वांस खुले केले. मग ब्राह्मण आले, जैन मुनी आले, पारशी दस्तुर आले, आणि आता हे पाद्री आले. जैन आचार्य हीरविजयसूरी १५८३ मध्ये तेथे पोहोचले. त्याच वर्षी आक्वाव्हिवा तेथून निघाले. अकबराचा गौरव करताना तारतम्य सोडण्याचे कारण नाही. १५६४ मध्ये जिझिया उठविणारा हाच, आणि १५६८ मध्ये चितोड घेतल्यावर हजारोंची कत्तल करविणाराही हाच. पण ज्या दशकात साष्टीतील देवळे पडत होती, त्याच्या पुढच्याच दशकात एका राजाने सर्व धर्मांच्या लोकांस एका छताखाली बसवून बोलावयास लावले, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या सभेत काय होई? आपल्या पूर्वपक्षाच्या शिस्तीचे तेथे कोणासच वावडे नव्हते असे म्हणता येत नाही. आक्वाव्हिवा इस्लामच्या संस्थापकाविषयी कडवट बोलत आणि सभा खवळे. बादशहा मध्ये पडून त्यांस सांभाळून घेई. एकदा अग्निदिव्याची गोष्ट निघाली : पाद्र्याने आपला ग्रंथ व मौलवीने आपला ग्रंथ हाती घेऊन आगीत शिरावे, जो तरेल तो खरा. अबुल फझल अकबरनाम्यात लिहितो की ‘पाद्री रदीफ’ दिव्यास सिद्ध झाला आणि मौलवी मागे सरले. जेझुइटांच्या लेखांत हकीकत उलट आहे. त्यांनी असले दिव्य धर्मास धरून नाही म्हणून नाकारले. दोन्ही बाजूंचे साक्षीदार प्रतिपक्षास श्रेय देतात असा हा विरळा प्रसंग. कोणाचे खरे मानावयाचे ते मानावे. आग पेटली नाही एवढे निश्चित.

तीन वर्षे राहूनही अकबर ख्रिस्ती होत नाही असे पाहून आक्वाव्हिवा १५८३ च्या मे महिन्यात गोव्यास परतले. त्यांच्याकडे साष्टी प्रांतातील पंथकार्याचे प्रमुखपद आले. बादशहापुढे मोकळेपणाने आपला पक्ष मांडून आलेला हा मनुष्य आता अशा प्रांतात आला, जेथे दुसऱ्या पक्षास तोंडच उघडता येत नव्हते. आणि येथे राजसत्ता त्यांच्याच बाजूस होती.

कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, वेरोडे आणि आंबेली ही साष्टीच्या दक्षिण टोकाकडील पाच गावे. त्यांत कुंकळ्ळी मोठी व सधन. येथील गावकरी तलवार चालविणारे, देवस्थानाचे अभिमानी आणि बेडर. त्यांची देवळे पाडली गेली की ते पुन्हा बांधीत. त्यांनी सारा देण्याचेही थांबविले होते. तेव्हा झगडा केवळ धर्माचा नव्हता, तो जमिनीचा आणि गावकीच्या हक्कांचाही होता. १५८३ मध्ये पोर्तुगीज शिपायांची तुकडी त्या गावांवर चालून गेली व तिने पुन्हा देवळे पाडली. पिएत्रो बेर्नो हे जेझुइट या मोहिमेत बरोबर होते. देवस्थानाच्या पवित्र जागी गाय मारून विटंबना केल्याचेही नमूद आहे, आणि ते नमूद करणारे त्यांचेच पंथबंधू आहेत. त्यांच्या लेखी तो पराक्रम होता.

आक्वाव्हिवा या मोहिमांत नव्हते. ते नुकतेच आलेले होते. गावकऱ्यांशी सलोखा झाला आहे असे समजून कुंकळ्ळीस क्रूस उभारावा व चर्चसाठी जागा पाहावी, म्हणून ते ओर्लीहून निघाले. बरोबर पाशेको, बेर्नो, आंतोनियु फ्रान्सिस्कु आणि आरान्य हे चार जेझुइट व काही ख्रिस्ती सोबती होते. शिपायांचे सैन्य नव्हते. नव्या गणनेने २५ जुलै आणि जुन्या गणनेने १५ जुलै, असा तो दिवस. गावकरी शस्त्रे घेऊन धावून आले. सोबत्यांपैकी एकाजवळ बंदूक होती. तो ती झाडावयास सिद्ध झाला, तेव्हा पाशेको यांनी त्यास आवरले असे सांगतात. पाचही जेझुइट मारले गेले, बरोबरचे कित्येक ख्रिस्तीही मारले गेले. त्यांत याच भूमीची लेकरे होती. प्रेते एका विहिरीत टाकली गेली. आक्वाव्हिवांचे वय तेव्हा तेहतीसही पूर्ण नव्हते.

या कृत्यास काय म्हणावे? आपल्यापैकी पुष्कळांस त्यास धर्मयुद्ध म्हणावेसे वाटेल. देवळे पाडणाऱ्यांस शासन झाले, यात वाईट ते काय, असे एका सत्संगात मी ऐकले आहे. परंतु मारलेले पाचजण निःशस्त्र होते, आणि त्यांतील प्रमुख पुरुष देऊळ पाडण्याच्या वेळी तेथे नव्हता. बेर्नोचा हिशेब आक्वाव्हिवांकडून वसूल झाला. तो केवळ त्याच वेषाचा, त्याच पंथाचा होता म्हणून. आज ज्यास आपण धर्मद्वेषाचा अपराध म्हणतो, त्याचे हेच लक्षण सांगतात : मनुष्यास त्याने जे केले त्यासाठी न मारता, तो ज्यांच्यातला आहे त्यासाठी मारणे. साष्टीतील देवळांस लावलेला हा निकष कुंकळ्ळीच्या विहिरीसही लावणे प्राप्त आहे. असे म्हटल्याने गावकऱ्यांनी सोसलेल्या अन्यायाचे वजन तोळाभरही कमी होत नाही.

पुढचे कृत्य तर शब्दांत बसविणे कठीण. पोर्तुगीजांनी गावच्या सोळा नायकांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलाविले. अभयाचे वचन दिले. नायक गेले, वचनावर विश्वास ठेवून गेले. आत घेऊन त्यांस ठार करण्यात आले. त्यांतील एकच जण खालच्या साळ नदीत उडी टाकून निसटला, असे परंपरा सांगते. गावांच्या जमिनी गावकऱ्यांकडून काढून जहागीर म्हणून दिल्या गेल्या. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पाच जेझुइटांस धन्य पदवी दिली. असोळण्यास पडलेल्या नायकांस कोणी पदवी दिली नाही. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीस उभे राहिले ते गोवा मुक्त झाल्यावर कित्येक वर्षांनी.

आक्वाव्हिवांच्या मृत्यूची वार्ता फत्तेपुरास पोहोचली तेव्हा बादशहा कळवळला, असे जेझुइटांच्या लेखांत आहे.

त्या काळी साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेझुइट होते. विहिरीतील प्रेते परत मिळविण्याच्या कामी ते होते असे म्हणतात. त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी त्यांनी आपल्या बंधूस धाडलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात येथील भाषांविषयी ते लिहितात की यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. आपले सोबती मारले जाऊन तीन महिने लोटले नाहीत, आणि हा मनुष्य मारणाऱ्यांच्या भाषेचे व्याकरण न्याहाळीत बसला आहे! पुढे याच स्टीफन्स यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतुरास प्रथम छापले गेले. त्यातील प्रतिपाद्य विषय आपणांस मान्य होण्यासारखा नाही, आणि ते लिहिण्यामागील हेतू धर्मप्रसाराचाच होता. परंतु मराठीची त्यांनी केलेली स्तुती मनापासून केलेली आहे हे कोणासही कळावे.

आणखी एक विपर्यास असा. या पंथाच्या लोकांनी गोमंतकातील घरांतून आपल्या पोथ्या मिळविल्या. काही तर चोरून आणविल्या, आणि त्यांतील मजकुराचे खंडन करण्यासाठी त्या वाचल्या. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये कृष्णचरित्रकथा आरंभिली होती. त्या काळातील गोमंतकीय मराठी-कोंकणी कथा आज आपणांस पाहावयास मिळतात त्या कोठे? पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात, रोमी लिपीत उतरलेल्या वह्यांत. पोथ्या नष्ट करणाऱ्या सत्तेच्याच कपाटात पोथ्या उरल्या.

एवढे लिहून थांबलो तर पूर्वपक्षाची शिस्त अर्धीच पाळल्यासारखे होईल. कारण आजवरच्या कथेत मठ उद्ध्वस्त करणारे नेहमी परके आहेत. १७९१ ची गोष्ट वेगळी आहे. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांची मोहीम चालू असता पटवर्धनांच्या सैन्यातील एका टोळीने साक्षात् शृंगेरीवर धाड घातली. शारदाम्बेचे मंदिर व जगद्गुरूंचा मठ लुटला गेला, माणसे मेली, स्वामी महाराजांस शृंगेरी सोडावी लागली. लुटणारे मराठे होते. त्यांच्या सरदारांत ब्राह्मण होते. स्वामींनी साहाय्यार्थ पत्र लिहिले ते टिपूस, आणि टिपूने मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी रोकड व सामग्री देण्याचा हुकूम आपल्या अधिकाऱ्यास दिला. ही पत्रे शृंगेरीच्या दप्तरात होती. १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे नरसिंहाचार यांनी ती उजेडात आणली. पुण्याच्या दरबारी या लुटीची लाज वाटली नाही असे नाही, पण ती भरून निघाली नाही.

यावरून टिपूस धर्मसहिष्णुतेचा पुतळा ठरविण्याची घाई कोणी करू नये. याच टिपूने १७८४ मध्ये मंगळूर प्रांतातील ख्रिस्ती लोकांस धरून, त्यांची चर्चे पाडून, बायकामुलांसह श्रीरंगपट्टणास कैदेत नेले. वाटेत आणि कैदेत कित्येक मेले. हे ख्रिस्ती कोण? बहुतेक मूळचे गोमंतकातले, कोंकणी बोलणारे. त्यांच्या वाडवडिलांपैकी कित्येक इन्क्विझिशनच्या भयाने आणि आपल्या जुन्या रीती सोडवत नाहीत म्हणून दक्षिणेकडे उतरले होते. ख्रिस्ती सत्तेपासून पळालेले ख्रिस्ती मुसलमान सत्तेच्या हाती सापडले, आणि हिंदू सत्तेने लुटलेल्या मठास त्याच मुसलमान सत्तेने हात दिला. या दोन घटनांत अंतर अवघ्या सात वर्षांचे आहे. ज्यांस एकाच जमातीच्या माथ्यावर क्रौर्य लिहून मोकळे व्हावयाचे आहे त्यांनी या सात वर्षांचा हिशेब प्रथम द्यावा.

असो. सहिष्णुतेचा शोध घेताना आपण राजांच्या सभांकडे पाहतो. फत्तेपुरचा इबादतखाना अकबराच्या हयातीतच ओस पडला. गोमंतकात मात्र सामान्य जनांनी जे राखले ते टिकले. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, असे हिंदू मानतात. तिच्या फेस्तास दोन्ही धर्मांचे लोक तेल घेऊन जातात. मडगावचे होली स्पिरिट चर्च जेथे उभे आहे तेथे दामोदराचे स्थान होते, हे मडगावच्या ख्रिस्ती घरांतही ठाऊक आहे, आणि जांबावलीच्या दामोदरास मानणारी ख्रिस्ती कुटुंबे आजही आहेत. १७६३ पासून पुढे अंत्रुजादी महाल पोर्तुगीजांकडे आले तेव्हा तेथील लोकांच्या धर्माचारास हात न लावण्याचे त्यांस कबूल करावे लागले. दोनशे वर्षांत सत्तेचा ताठा एवढा उतरला होता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा हिंदूंस कायद्याने समानता मिळाली. १९६१ पासून गोमंतक भारतीय संविधानाच्या छत्राखाली आहे. त्यातील २५ ते २८ ही कलमे प्रत्येकास आपापला धर्म आचरण्याची मोकळीक देतात. उपासनास्थानाची विटंबना हा १८६० च्या दंडविधानात अपराध होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे.

कायदा असूनही २००६ च्या मार्चमध्ये सावर्डे-कुडचडे भागात मुसलमानांच्या प्रार्थनास्थळावरून दंगल उसळली. त्यांची दुकाने व घरे फोडली गेली. २०१७ च्या जुलैमध्ये दक्षिण गोव्यात क्रूस मोडले गेले आणि कुडचडे येथील दफनभूमीतील थडगी फोडली गेली. हा मुलूख कोणता? फातर्पे व जांबावलीच्या आसमंतातला. पळून आलेल्या देवांना ज्याने जागा दिली तोच. आपल्या मठाचे अनुयायी त्या परिसरात पिढ्यान्पिढ्या राहतात. देव पाठीवर घेऊन निघालेल्यांच्या वंशजांस मोडलेल्या क्रूसाकडे पाहून काय वाटले, हे मी त्या वेळी काहींना विचारले होते. बहुतेकांनी मान खाली घातली. दोघांनी १५६७ चे नाव घेतले.

१५६७ चे नाव घेण्याचा अधिकार कोणास असेल तर तो अनंत काकबा प्रियोळकर यांच्यासारख्यास. प्रियोळ गावी, मंगेशाच्या शेजारात, १८९५ मध्ये जन्मलेल्या या विद्वानाने १९६१ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात त्या सभेच्या क्रौर्याची एकही बाब झाकलेली नाही. याच प्रियोळकरांनी आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे गोमंतकातील ख्रिस्ती मराठी वाङ्मय शोधण्यात, संपादण्यात आणि त्यास मराठी साहित्याच्या इतिहासात स्थान मिळवून देण्यात घालविली. एका हाताने अपराधाची नोंद आणि दुसऱ्या हाताने अपराध्यांच्या पंथाने आपल्या भाषेस दिलेल्या देण्याची नोंद, दोन्ही एकाच शाईने. दोन्ही कामांत त्यांची टीप कोठे निसरडी झालेली मला आढळली नाही.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या धामधुमीत फातर्प्यास गेली आणि अद्याप तेथेच आहे. वर्षातून एकदा, शिमग्याच्या दिवसांत, ती आपल्या मूळ गावी येते. त्या उत्सवास लोक ‘सोंत्रे’ म्हणतात. गावच्या बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या तिच्यापुढे नाचत येतात, गुलालाने रस्ता लाल होतो. त्या बारा वांगडांतील कित्येक घरे चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली. मान मात्र सुटला नाही. त्या घरांतील मंडळी आजही मिरवणुकीस येतात, आणि देवीची वाट चर्च असलेल्या त्याच गावातून जाते.